फाइल स्वच्छ, यंत्र खोक्यात

लेखापरीक्षणाच्या नोकरीत असताना एका ग्रामीण रुग्णालयाचं भांडार तपासायला गेलो होतो. साठा नोंदवहीत एक आडवा ऑटोक्लेव्ह दिसत होता, म्हणजे शस्त्रक्रियेची अवजारं वाफेवर निर्जंतुक करायचं मोठं यंत्र. प्रत्यक्ष दाखवा म्हटल्यावर मला मागच्या व्हरांड्यात नेलं. तिथं एक लाकडी खोकं होतं आणि त्यावर जुनी रजिस्टरं रचून ठेवलेली होती. खोकं उघडलेलंच नव्हतं. यंत्राला थ्री-फेज वीज लागते आणि इमारतीची जोडणी सिंगल-फेजची होती.

मग खरेदीची फाइल मागवली. इतकी सुरेख फाइल मी फार थोड्या वेळा पाहिली असेल. प्रशासकीय मान्यता, निविदेची जाहिरात, तीन निविदा, तुलनात्मक तक्ता, सर्वांत कमी दर, खरेदी समितीच्या सह्या, बयाणा रक्कम परत केल्याची पोच, सगळं पानापानावर क्रमांक घालून लावलेलं. कुणी पैसे खाल्ल्याचा वास नव्हता. दरही बाजारापेक्षा चढा नव्हता. नियम एकूण एक पाळले होते आणि यंत्र व्हरांड्यात पडलं होतं.

सरकारी खरेदीचा विषय निघाला की आपण टक्केवारीवर बोलतो. कुणाला किती पोचले, कोणत्या टेबलावर किती ठेवावे लागतात, बिल काढताना किती. हे खोटं नाही. पण या बोलण्याच्या नादात आपण एक गोष्ट गृहीत धरतो की चोर हटवला की पैसा वाचेल. माझा अनुभव वेगळा आहे. चोराइतकीच, आणि काही खात्यांत चोरापेक्षा जास्त नुकसानी, खरेदी कशाशी खातात हे ठाऊक नसलेल्या प्रामाणिक माणसाच्या हातून होते. आणि तिची कुठं बातमी होत नाही, कारण फाइल स्वच्छ असते.

हा एकट्या लेखापरीक्षकाचा ग्रह नको म्हणून इटलीचं उदाहरण देतो. तिथं २००० ते २००५ या काळात सरकारी संस्थांनी घेतलेल्या अगदी साध्या, ठरावीक मालाच्या किमती अर्थतज्ज्ञांनी तपासल्या. खुर्च्या-टेबलं, संगणक, कागद असल्या वस्तू. सारख्याच मालाला काही संस्था सातत्यानं जास्त पैसे मोजत होत्या. केंद्रीय खाती तर विद्यापीठांसारख्या अर्धस्वायत्त संस्थांपेक्षा किमान २२ टक्के महाग खरेदी करत होती. आता यातलं खाल्लेलं किती आणि वाया गेलेलं किती, हे ओळखायचं कसं? कन्सिप नावाच्या राष्ट्रीय खरेदी संस्थेनं त्या काळात दर करार केले होते. कुणावर सक्ती नव्हती. हवं तर त्या दरानं घ्या, नको तर आपलं आपण घ्या. ज्याला महाग खरेदीतून काही मिळतं तो असल्या दर कराराच्या वाऱ्यालाही उभा राहणार नाही. ज्याला फक्त जमत नाही किंवा कटकट नको असते, तो मात्र आयता दर मिळाला म्हणून खूश होईल. प्रत्यक्षात महाग घेणाऱ्या बऱ्याच संस्था त्या कराराकडं आनंदानं वळल्या. एकूण उधळपट्टीतला ८३ टक्के भाग कुणाच्याही खिशात न जाणारा, निव्वळ वाया जाणारा निघाला.

इटली हा काही लाचलुचपतीपासून मुक्त देश नाही. तरीही आकडा हा आहे. आपल्याकडं तो तसाच असेल असं मी म्हणणार नाही. आपल्याकडं खाबूगिरीचा वाटा मोठा असेल असंच मला वाटतं. पण वाया जाणाऱ्या भागाचं मोजमाप आपण कधी केलेलंच नाही, कारण त्यासाठी आपल्या फॉर्मात रकानाच नाही.

आता आपल्या कार्यालयात खरेदी कोण करतं ते पाहू. बहुतेक कार्यालयांत 'खरेदी' हे एक टेबल असतं. काल आस्थापनेवर असलेला वरिष्ठ लिपिक आज बदलीनं या टेबलावर बसतो. त्याला कुणी शिकवलेलं नसतं. जाताना आधीचा माणूस एक जुनी फाइल दाखवतो, "अशीच लावायची" म्हणतो आणि निघतो. राज्य शासनानं १ डिसेंबर २०१६ रोजी खरेदीच्या कार्यपद्धतीची सविस्तर नियमपुस्तिका काढली. ती चांगली आहे. पण निविदा कशी मागवायची हे तिच्यात सापडतं; दोनशे गाद्या घेताना फोमची घनता किती मागायची, पंखा घेताना वाइंडिंग तांब्याचं आहे की ॲल्युमिनियमचं हे कसं तपासायचं, आरओ यंत्राचा देखभाल करार किती वर्षांचा करायचा, हे कुठलीच नियमपुस्तिका सांगू शकत नाही. ते बाजारात फिरून, हात लावून, दोनदा फसून येतं. आणि दोनदा फसून शिकलेल्या माणसाची तिसऱ्या वर्षी बदली होते.

त्याच्या वरचा अधिकारी डॉक्टर असेल, शिक्षण खात्यातला असेल, अभियंता असेल. त्याच्या विषयात तो हुशार असतो. पण सही करताना तो तुलनात्मक तक्त्याची शेवटची ओळ पाहतो. एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दर भरणारा, कोण? बस्स.

अज्ञान आणि अप्रामाणिकपणा या दोन वेगळ्या व्याधी आहेत असं आपण मानतो, आणि इथंच घोळ होतो. स्पेसिफिकेशन लिहिता येत नसेल तर ते कुठून येतं? पुरवठादाराच्या पेन ड्राइव्हमधून. ही गोष्ट ऑफिसात सगळ्यांना माहीत असते आणि कुणाला तिची लाजही वाटत नाही. "साहेब, तुम्ही कशाला त्रास घेता, मी ड्राफ्ट आणलाय." त्या ड्राफ्टमध्ये यंत्राची रुंदी मिलिमीटरपर्यंत दिलेली असते आणि ती नेमकी एकाच कंपनीच्या मॉडेलशी जुळते. टेबलावरच्या माणसानं एक पैसा घेतलेला नसतो. फार तर चहा. पण निविदा प्रसिद्ध व्हायच्या आधीच निकाल लागलेला असतो. खाणारा माणूस अशाच कार्यालयाच्या शोधात असतो जिथं कुणाला काही कळत नाही. तिथं त्याला लाचही फारशी द्यावी लागत नाही.

उलटंही तितकंच खरं. माल कळणारा पण नियत नसलेला भांडारपाल हा सगळ्यांत महागात पडतो, कारण कुठं बोट ठेवता येणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मोठी खरेदी निविदेच्या मर्यादेखाली बसावी म्हणून तिचे तुकडे कसे पाडायचे, तीन निविदांची अट एकाच घरातल्या तीन फर्मकडून कशी पुरी करायची, शुद्धिपत्रक कुठल्या सणाच्या आदल्या दिवशी काढायचं. असल्या माणसाला प्रशिक्षणाला पाठवणं म्हणजे मांजराला शिंक्याची उंची सांगणं. त्यामुळं 'आधी कौशल्य की आधी सचोटी' या वादात मला रस नाही. एकाशिवाय दुसरं कामाचं नाही, एवढंच दिसतं.

आपण मात्र दोन्हींवर एकच औषध देत आलो: आणखी एक नियम, आणखी एक सही. पहिल्या फेरीत तीन निविदा आल्याच पाहिजेत, हा नियम स्पर्धा व्हावी म्हणून आला; त्यातून सोबतीच्या, हरण्यासाठीच भरलेल्या निविदांचा धंदा उभा राहिला. सर्वांत कमी दर हा पक्षपात टाळण्यासाठी आला; त्यातून अंदाजित दरापेक्षा तीस-तीस टक्के 'बिलो', म्हणजे खाली, जाऊन काम घ्यायचं आणि पुढं मालात कसर काढायची, ही रीत पडली. केंद्र सरकारनं २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांमध्ये दराबरोबर गुणवत्तेलाही गुण द्यायची मुभा काही अटींवर कामांच्या आणि सेवांच्या निविदांत दिली, गुणवत्तेचा वाटा जास्तीत जास्त ३० टक्के. मुभा मिळाली, पण ती वापरणारे थोडे. गुण द्यायचे म्हणजे मत द्यायचं, आणि मत दिलं की उद्या कुणीतरी विचारणार, असं मत का दिलंत?

ही भीती काल्पनिक नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ पर्यंत एक कलम असं होतं की सार्वजनिक हित नसताना दुसऱ्या कुणाला आर्थिक फायदा मिळवून दिला तरी तो गुन्हा ठरे. स्वतः काही घेतलं असायची गरज नव्हती. माजी कोळसा सचिव एच. सी. गुप्ता यांना खाणवाटपाच्या प्रकरणात २०१७ साली शिक्षा झाली तेव्हा देशभरातल्या अधिकाऱ्यांनी त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. कलम पुढच्या वर्षी गेलं, धडा राहिला. चांगल्या मालाला चार पैसे जास्त दिले तर चौकशी, रद्दी माल सर्वांत कमी दरात घेतला तर शांतता. अशा जागी शहाणा माणूस काय करेल?

याचं उत्तर देणारा एक प्रयोग आपल्या शेजारी झाला आहे. पाकिस्तानातल्या पंजाब प्रांतात. तिथली कोषागाराची पद्धत आणि आपली पद्धत एकाच ब्रिटिश वहीतून उतरलेल्या, म्हणून तो मला इटलीपेक्षा जवळचा वाटतो. २६ जिल्ह्यांतल्या ६०० खरेदी अधिकाऱ्यांच्या गटात काहींना जास्त मोकळीक दिली, काहींना कामगिरीवर बक्षीस, काहींना दोन्ही. मोकळीक म्हणजे फार काही नव्हे. पूर्वमंजुरीशिवाय खर्च करायला थोडी जास्त रोकड, बिलाला कोणकोणते कागद लागतील याची पक्की यादी म्हणजे लेखा कार्यालयाला रोज नवा कागद मागता येऊ नये, आणि अनुदान लवकर हातात. फक्त एवढ्यानं किमती सरासरी ९ टक्क्यांनी उतरल्या आणि मालाचा दर्जा घसरला नाही. जिथं तपासणारं कार्यालय बिलं वर्षअखेरीपर्यंत लटकवत होतं तिथं फायदा आणखी मोठा. बक्षिसाचा परिणाम मात्र फिकाच राहिला.

मार्च एंड पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. वर्षभर कोरड्या पडलेल्या लेखाशीर्षाखाली २५ मार्चला पैसे उतरतात. पुरवठादाराला तारीख तुमच्याआधी माहीत असते. सहा दिवसांत ना बाजार पाहता येतो ना घासाघीस करता येते. माल एप्रिलात येतो, साठा नोंदवहीत ३१ मार्चला चढलेला असतो, आणि ज्या भांडारपालानं ती सही केली त्याची मान त्या पुरवठादाराच्या हातात कायमची जाते. बिलं उशिरा निघणार हे गृहीत धरून चांगला व्यापारी सरकारी निविदेच्या वाटेलाच जात नाही. जो जातो तो त्या उशिराचं व्याज दरात आधीच घालून जातो. यात भ्रष्टाचार कुठं आहे आणि ढिलाई कुठं आहे हे वेगळं करून दाखवा म्हटलं तर मला जमणार नाही.

औषधांच्या खरेदीत हे सगळं उघडं पडतं. तामिळनाडूनं १९९४ साली औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं. त्याचं कौतुक आता जगभर झालं आहे, पण कौतुक करणारे बहुधा 'केंद्रीय खरेदी' एवढेच दोन शब्द उचलतात. प्रत्यक्षात तिथं जीव आहे तो बारीकसारीक कामात. यादी मर्यादित ठेवली, नावं ब्रँडची नाहीत तर मूळ औषधाची. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं. प्रत्येक रुग्णालयाला पासबुक, त्यात त्याच्या वाट्याची रक्कम; डॉक्टर आपल्या गरजेनुसार त्यातून औषधं उचलणार. गोदामात आलेल्या मालाचे नमुने काढायचे, त्यांवरचं कंपनीचं नाव झाकून सांकेतिक क्रमांक घालायचा आणि प्रयोगशाळेत पाठवायचे, म्हणजे तपासणाऱ्याला माल कुणाचा हे कळणारच नाही. अहवाल चांगला आला की मगच माल वाटपाला, आणि पैसे वेळेवर. पैसे वेळेवर मिळणार या खात्रीमुळं चांगल्या कंपन्या कमी दरानं येतात. हे चालवायला औषधनिर्माते, साठ्याचा हिशेब ठेवणारी माणसं, संगणकाची माणसं वर्षानुवर्षं त्याच कामात लागतात. राजस्थाननं २०११ साली हा नमुना उचलला, नंतर इतरही अनेक राज्यांनी. कायदा आणि पाटी सगळीकडं जवळपास सारखी. गोळी मात्र सगळीकडं सारखी पोचत नाही.

महाराष्ट्रानं काय केलं? २०१७ मध्ये औषधं आणि वैद्यकीय सामग्रीची खरेदी मुंबईच्या हाफकिन या सरकारी संस्थेकडं दिली. हाफकिन हे नाव आपल्याकडं आदरानं घेतलं जातं आणि ते योग्यच आहे. १८९७ साली मुंबईच्या प्लेगवर लस तयार झाली ती हाफकिन या शास्त्रज्ञाच्या हातून, त्याचंच नाव संस्थेला आहे. लस आणि सर्पदंशावरचं औषध बनवणाऱ्या संस्थेला राज्यभरातल्या रुग्णालयांची खरेदी सांगितली. लस बनवणं आणि निविदा चालवणं यांत औषध सोडून काही समान नाही. पुरेशी माणसं दिली नाहीत, जी दिली त्यातली बरीच उसनी. मग निधी पडून, मागणी पडून आणि रुग्णालयांत चिठ्ठ्या, 'बाहेरून आणा'. शेवटी २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा करावा लागला. त्याच वर्षी ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या २४ तासांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बालकं. औषधं नव्हती असा आरोप झाला, सरकारनं तो नाकारला. त्या वादात मी पडत नाही. पण एखाद्या राज्यात इतक्या मोठ्या रुग्णालयाबद्दल औषधं होती की नव्हती यावर वाद होऊ शकतो, हेच खरेदीच्या व्यवस्थेबद्दल पुरेसं सांगतं. साठा त्या क्षणी पडद्यावर दिसायला हवा होता.

पुढं नागपूर जिल्ह्यात कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातल्या सिप्रोफ्लोक्सासिनच्या गोळ्या तपासल्या तर त्यांत औषधच निघालं नाही. नंतर अंबाजोगाईच्या रुग्णालयातही प्रतिजैविकाच्या बनावट गोळ्यांचं प्रकरण बाहेर आलं. यात गुन्हेगार आहेत, पोलीस तपास झाला, खटले होतील. पण गुन्हेगार सगळीकडं असतात. ते आत शिरले त्या दारावर कोण उभं होतं? पाठवलेल्या नमुन्याचा अहवाल यायला महिनोन् महिने लागत असतील तर तोवर गोळ्या रुग्णांच्या पोटात गेलेल्या असतात. बाजारात ज्या दरात कच्चा मालही मिळत नाही त्या दराची निविदा आली तर खरेदीवाल्याला घाम फुटला पाहिजे. आपल्याकडं तो एल-वन ठरतो.

कुणी म्हणेल, आता केंद्राचं सरकारी खरेदीचं जेम पोर्टल आहे ना. २०१६ मध्ये आलेल्या या पोर्टलवर आज वर्षाला लाखो कोटींची खरेदी होते आणि त्याचे फायदे मी नाकारत नाही. निविदा पेटीला कुलूप कुणाचं, पाकिटं कुणी फोडली, हे जुने तंटे संपले. पण पोर्टलवर काय हवं ते निवडायला माणूसच लागतो. पेन ड्राइव्हमधलं स्पेसिफिकेशन पोर्टलवरही तसंच चिकटवता येतं. त्या ऑटोक्लेव्हची खरेदी उद्या जेमवर झाली असती तरी यंत्र थ्री-फेजचंच आलं असतं, फक्त लवकर आलं असतं.

मला काय हवं आहे? सर्वांत आधी खरेदीला टेबल न मानता पेशा मानावं. रेल्वेनं हे फार पूर्वी ओळखलं होतं. तिथं भांडाराची स्वतंत्र सेवा होती, स्पर्धा परीक्षेतून निवडलेले अभियंते आयुष्यभर हेच काम करत. पुढं २०१९ मध्ये रेल्वेनं सगळ्या सेवा एकत्र करायचं ठरवलं हे वेगळं, आणि माझ्या मते ते चुकलंच. राज्याला एवढी मोठी सेवा लागणारही नाही. प्रत्येक जिल्ह्याला दहा-बारा माणसं, वैद्यकीय, बांधकाम साहित्य, संगणक असे विषय वाटून घेतलेली, निदान सहा-सात वर्षं त्याच कामावर. इतर कार्यालयांनी गरज सांगावी, माल यांनी घ्यावा. दुसरं म्हणजे कारण लिहून घेतलेल्या निर्णयाला संरक्षण. एल-वन सोडून एल-टू घेतला तर का घेतला ते अर्धं पान लिहा. कारण खरं असेल तर नंतर दुसऱ्या कुणाला ते चुकीचं वाटलं म्हणून चौकशी नको. आणि जो सतत एकाच फर्मच्या बाजूनं कारणं लिहितो तो दोन-तीन वर्षांच्या दरांची यादी शेजारी ठेवली की दिसतोच. ती यादी, कोणत्या कार्यालयानं काय, किती दरानं घेतलं, ही सगळ्यांना पाहता यावी. शेजारच्या जिल्ह्यानं तीच गादी आठशे रुपयांनी स्वस्त घेतली हे उघड झालं की भल्याभल्यांना जाग येते.

मोकळीक दिली की लूट होईल, असं माझेच जुने सहकारी म्हणतात. होईल, काही ठिकाणी. आता होत नाही असं कुठं आहे? फरक एवढाच की आता लुटणारा नियमांच्या आडून लुटतो आणि ज्याला नीट काम करायचं आहे त्याचे हात त्याच नियमांनी बांधलेले असतात. यात आम्हा लेखापरीक्षकांचाही वाटा आहे. आम्ही वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारला, कागद आहे का. वस्तू चालते का, हा प्रश्न विचारायला आम्हालाही कुणी शिकवलं नव्हतं.

त्या सुरेख फाइलच्या टिपणीच्या बाजूला, मधेच, एक चिठ्ठी टाचलेली होती. रुग्णालयाच्या औषधनिर्मात्यानं लिहिलेली, चार ओळींची: इमारतीत थ्री-फेज जोडणी नाही, उभा लहान ऑटोक्लेव्ह घेतल्यास चालेल, कृपया विचार व्हावा. खाली दुसऱ्या शाईत शेरा होता, "निविदा प्रसिद्ध झाली असल्याने बदल शक्य नाही." मी लेखापरीक्षण अहवालात 'यंत्र विनावापर पडून' असा आक्षेपाचा परिच्छेद काढला. वर्षभरानं रुग्णालयाचं अनुपालन, म्हणजे आक्षेपाला उत्तर, आलं की वीजजोडणीचा प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयाकडं सादर केला आहे, सबब परिच्छेद वगळण्यात यावा. सोबत प्रस्तावाची प्रत जोडलेली होती, सही-शिक्क्यासह. परिच्छेद वगळला गेला. वगळण्याच्या टिपणीवर सही माझीच आहे.